दिव्याच्या मुलाची चौकशी

माझं लग्न ठरवण्याआधी बाबांनी अकरा जणांकडे चौकशी केली होती. ऐंशीचं दशक सरत आलेलं. आई दोन वर्षांपूर्वी गेलेली, त्यामुळे बायकांनी करायच्या चौकश्याही त्यांनीच केल्या. मुलगा ठाण्याचा, टेंभी नाक्याजवळ दोन खोल्यांत एकटा राहणारा, एका कंपनीत स्टोअरकीपर. बाबा कंपनीच्या गेटवर वॉचमनशी बोलले, इमारतीखालच्या वाण्याशी बोलले, त्याच्या डॉक्टरांकडे तर खोकल्याचा पेशंट म्हणून जाऊन बसले. सगळ्यांनी एकच सांगितलं. मुलगा निर्व्यसनी आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात, वेळेवर घरी येतो. पत्रिकाही जुळली.

ते सगळं खरंच होतं. तो वेळेवर घरी यायचा.

लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात तो कामावर निघाला आणि बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला. पाठोपाठ कुलुपाचा. मला वाटलं, एकटा राहिलेला माणूस, सवयीनं लावलं असेल. संध्याकाळी मी हसत हसत सांगितलं तर तो म्हणाला, "सवयीनं नाही. काळजी वाटते मला." दुसऱ्या दिवशीही कुलूप लागलं. मग रोज. आल्यावर तो शांतपणे विचारायचा, "दुपारी खिडकीत उभी होतीस का? कुणाशी बोललीस?" आवाज कधी चढवला नाही त्यानं. हातही उगारला नाही. म्हणून तर कुणाला काय सांगायचं ते मला समजत नव्हतं.

त्या वर्षीच्या नवरात्रात नाक्यावर सकाळपासून लाउडस्पीकर लागायचे. एका दुपारी मी स्टोव्हवर तूप कढवायला ठेवलेलं. पिन मारताना भडका उडाला आणि ओट्याच्या पडद्यानं पेट घेतला. मी दाराकडे धावले, दोन्ही हातांनी दार बडवलं, ओरडले. खाली गाणी चालू होती. जिन्यावरून कुणीतरी चपला वाजवत गेलंसुद्धा, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता, त्यांना कुठून येणार. शेवटी गोधडी मोरीत भिजवून मी ती आगीवर टाकली. आग विझली. मी मोरीत बसून राहिले, तो येईपर्यंत. त्यानं जळका पडदा पाहिला आणि विचारलं, "दार वाजवलंस का? कुणी आलं होतं?"

दिवाळीच्या आधी बाबा न कळवता फराळ घेऊन आले. दाराला कुलूप बघून ते परत फिरणार होते. मी आतून म्हटलं, "बाबा, मी आहे." त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. मग म्हणाले, "किल्ली कुठाय?" मी म्हटलं, "त्याच्याकडे." ते जिन्याच्या पायरीवर बसले. साडेतीन तास बसले. आम्ही दाराच्या दोन बाजूंना होतो. तो आला, त्यानं कुलूप काढलं, "या ना, आत या," म्हणाला. बाबा आत आले नाहीत. मला म्हणाले, "चप्पल घाल."

मी डोंबिवलीला माहेरी परत आले ती तशीच. घटस्फोट मिळायला चार वर्षं लागली. त्या काळात मी लॅबचा कोर्स केला आणि स्टेशनजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. रक्त घेणं, काचपट्ट्या रंगवणं, ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी बॅग घेऊन जाणं. बाबा पार बदलले. कुणी स्थळाबद्दल मत विचारलं की हात जोडायचे. "मला चौकशी करता येत नाही," एवढंच म्हणायचे.

माझी बहीण माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. हे सगळं घडलं तेव्हा ती शाळेत होती. नव्वदचं दशक संपत आलं तोवर ती एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली होती. पाहायला येणारी स्थळं तिनं कधीच बंद करून टाकलेली. बाबांनी आग्रह केला नाही. मलाही मनातून बरंच वाटायचं.

एका रविवारी आम्ही दोघी गच्चीत पापड वाळत घालत होतो. ती खाली बघतच म्हणाली, "ताई, मी एकाशी बोलते. पाच महिने झाले."

"कोण आहे? कुठे भेटला?"

"भेटला नाहीये. कॉम्प्युटरवर बोलतो आम्ही. क्लासमध्ये इंटरनेट आलंय ना, त्यावर. तो दिवा स्टेशनजवळ राहतो. कल्याणला छापखान्यात कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करतो, तिथूनच बोलतो."

"फोटो?"

"नाही पाहिला."

"आवाज?"

"नाही ऐकला अजून."

माझ्या हातातला पापड तिथेच राहिला. ज्या माणसाची अकरा जणांनी ग्वाही दिली होती त्यानं मला कोंडून ठेवलं. आणि हिच्या माणसाला चेहरा नव्हता, आवाज नव्हता, तो दिव्याला राहतो हेसुद्धा त्यानंच सांगितलेलं. मी तिला ओरडले नाही. पण त्यानंतर कित्येक दिवस लॅबमध्ये सुई धरताना मला दोनदा श्वास घ्यावा लागायचा.

मी तिला म्हटलं, "मला वाचायला दे काय बोलता ते." तिला राग येईल असं वाटलेलं. पण दुसऱ्या आठवड्यात तिनं क्लासच्या प्रिंटरवर काढलेला जाडजूड गठ्ठा आणून दिला. कडांना भोकं असलेला तो लांबच लांब कागद. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. दुपारी लॅब रिकामी असताना मी ते वाचायचे. त्यात काही वावगं नव्हतं. दिव्याला तीन दिवस पाणी आलं नाही. छापखान्यात लग्नपत्रिकांचा हंगाम आहे. तू डब्यात काय आणलंस. कोणत्या शब्दात वेलांटी पहिली की दुसरी, यावरून दोन पानं भांडण. मला हसूसुद्धा आलं.

आणि मग एका पानावर एक ओळ होती. 'काल का नव्हतीस? कुठे गेलेलीस? कोणाबरोबर?'

मी कागद उलटा ठेवला. तसेच प्रश्न. तोच सूर.

घरी आल्यावर मी ती ओळ बहिणीला दाखवली. ती म्हणाली, "अगं, त्या दिवशी वादळ झालेलं, झाडं पडलेली. काळजीनं विचारलं त्यानं."

"काळजीनंच विचारतात," मी म्हटलं.

तिनं माझ्या हातून कागद घेतला आणि घडी करून ठेवला.

पत्ता तिच्याकडे होता. तिला न सांगता मी तो उतरवून घेतला आणि एका बुधवारी लॅबची बॅग खांद्याला लावून दिव्याला गेले. लॅबची बॅग असली की कुठल्याही दारात उभं राहता येतं, कोण, कशाला, असं कुणी विचारत नाही. बाबा डॉक्टरांकडे खोकत जाऊन बसलेले, तसंच हे. रेल्वे फाटकापलीकडे नव्या चाळी उठत होत्या, अर्ध्यांना गिलावा नव्हता. रस्त्यात प्लास्टिकच्या पिंपांची रांग होती आणि माणसं नव्हती, टँकर पलीकडच्या गल्लीत आला होता म्हणून सगळे तिकडे धावलेले. मी नंबर शोधत शेवटच्या ओळीत गेले.

दाराला बाहेरून कुलूप होतं.

कुणी नाही घरात, बरं झालं, असं मी मनात म्हणते न म्हणते तोच आतून बाईचा आवाज आला. "कोण आहे?"

मला वाटलं, मला भास होतोय. पण आवाज पुन्हा आला, आणि दाराशेजारच्या खिडकीत एक म्हातारी येऊन उभी राहिली. पांढरे केस सुटलेले, पातळ नीट नेसलेलं. तिनं गजांतून हात बाहेर काढला आणि माझं मनगट धरलं.

"मला घरी ने," ती म्हणाली.

"आजी, तुम्ही घरातच आहात."

"हे माझं घर नाही. तो मला कोंडून जातो. मला घरी ने."

तिची पकड घट्ट होती. मी हात सोडवायला गेले तर ती रडायला लागली. मला ओरडून कुणाला तरी बोलवायचं होतं आणि गल्लीत कुणीच नव्हतं. मी बाहेर उभी होते, उजेडात, तरी मला मोरीतला तो जळका वास आला. किती वेळ गेला सांगता येत नाही. डोक्यावर हंडा आणि हातात कळशी घेतलेली एक शेजारीण आली, तिनं पाणी खाली ठेवलं, कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. "काकू, सोडा त्यांना. चहा करते आपल्याला," असं म्हणत तिनं म्हातारीची बोटं एकेक करून सोडवली.

मग मला म्हणाली, "तुम्ही कोण?"

"डोंबिवलीच्या लॅबमधून आलेय. रक्त घ्यायला."

"त्यानं बोलावलं? बोलला नाय काय सकाळी." ती सांगत गेली, मी न विचारता. म्हातारीचं डोकं दीड वर्षापासून चालत नाही. दोनदा रुळावर सापडली, एकदा तर गाडी थांबवावी लागली. मुलगा जाताना किल्ली या शेजारणीकडे देतो, ती दिवसभर दार उघडं ठेवून लक्ष ठेवते, पण टँकर आला की काय करणार, तेवढ्यापुरतं कुलूप. "आज जास्त वेळ लागला," ती म्हणाली, आणि तिचाही चेहरा ओशाळला होता.

खोली स्वच्छ होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. खोटं कशाला सांगू, आमचे नातेवाईक काय म्हणतील याचीही भीती त्या क्षणी मला वाटून गेली, इतक्या मोठ्या भीतीत त्या छोट्या भीतीलाही जागा झाली. आता रक्त न घेता निघणं शक्य नव्हतं. म्हातारीनं स्वतःहून दंड पुढे केला, शहाण्या मुलीसारखा. मी तिचं रक्त घेतलं, बाटलीवर खोटं नाव लिहिलं आणि निघाले.

मी दोन दिवस गप्प राहिले. शेजारणीचं म्हणणं मला पटलं होतं, आणि तरीही डोळे मिटले की कुलूप दिसायचं. प्रत्येक कुलुपाला कारण असतंच. माझ्या नवऱ्याकडेही होतं. आणि एक गोष्ट मला टोचत होती. त्या सगळ्या गठ्ठ्यात त्याच्या आईचा एका शब्दानंही उल्लेख नव्हता.

शुक्रवारी मी बहिणीच्या क्लासमध्ये गेले. म्हटलं, "मला त्याच्याशी बोलायचंय. आत्ता." तिला वाटलं मी निवळले. तिनं उत्साहानं खुर्ची दिली, मोडेमचा तो करकर आवाज झाला, ती माझ्या मागे उभी राहिली. 'ही माझी ताई,' असं तिनं लिहिलं आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. 'नमस्कार ताई,' असं पडद्यावर उमटलं.

मी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत लिहिलं. 'तुम्ही आईला कोंडून ठेवता हे माझ्या बहिणीला सांगितलंय का?'

खांद्यावरचा बहिणीचा हात निघाला. पडदा तसाच राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं. मग कनेक्शन तुटलं.

"तू तिथे गेलेलीस," ती म्हणाली.

"हो."

"मला न सांगता."

"हो."

मग मी सगळं सांगितलं, कुलूप, खिडकी, मनगट, रूळ. ती ऐकत होती आणि पुन्हा पुन्हा नंबर लावत होती. लाइन लागली तेव्हा तो तिथे नव्हता. शनिवारी नव्हता. सोमवारी नव्हता. ती घरी माझ्याशी बोलेनाशी झाली. बाबांना काहीतरी समजलं असावं, ते दोघींच्या ताटात मुकाट्यानं वाढायचे. मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग वेगळीच धास्ती बसली. मी तिला वाचवलं की माझी भीती तिच्या गळ्यात बांधली? ती उरलेलं आयुष्य माझ्यासारखी राहिली तर?

पुढच्या बुधवारी दुपारी लॅबच्या दारात एक माणूस उभा राहिला. तिशीचा, बुटका, चष्मा, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. मला वाटलं पेशंट आहे. तो म्हणाला, "माझ्या आईच्या रक्ताचा रिपोर्ट घ्यायला आलोय."

मी उठून उभी राहिले. पलीकडे डॉक्टर बसलेत ना, हे आधी बघितलं.

"शेजारच्या वहिनींनी सांगितलं डोंबिवलीच्या लॅबमधून बाई आलेल्या. स्टेशनजवळच्या चार लॅब फिरलो. त्या दिवशी लाइन गेली होती. खरंच गेली होती. नंतर लिहायला बसलो, पण जमेना." त्याला सलग बोलता येत नव्हतं, प्रत्येक वाक्यानंतर तो थांबायचा. कागदावर वेलांटीवरून भांडणारा तो हाच, हे खरं वाटेना.

"बुद्धाची तसबीर पाहिली मी," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे.

"ते मी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तिला आधीच माहिती हवं म्हणून."

"आणि आई?"

तो खाली बघायला लागला. "दोन मुली बघून गेल्या, आईला पाहिलं आणि परत आल्या नाहीत. कॉम्प्युटरवर कुणी आईला पाहत नव्हतं. रोज एक तास मी नुसता मीच असायचो." मग म्हणाला, "चूक झाली. सांगायला हवं होतं."

"कुठे गेलेलीस, कोणाबरोबर, असं विचारलंत एकदा."

त्याला आठवेना. मी वादळाचं सांगितलं तेव्हा आठवलं. "तिची मैत्रीण ठाकुर्लीला राहते. तिथे झाडाखाली कुणीतरी सापडलं असं ऐकलेलं त्या दिवशी. दोघी बरोबर असतील का, असं वाटलं."

मी त्याचा चेहरा निरखत होते. पण चेहऱ्यावरून काय समजतं, माझ्या नवऱ्याचा चेहराही चांगलाच होता. मी त्या खोट्या नावाचा रिपोर्ट काढून दिला. साखर वाढलेली होती, ते समजावून सांगितलं. तो निघताना मी म्हटलं, "ती सातला सुटते. क्लास पश्चिमेला आहे." हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि लगेच वाटलं, मी हे काय केलं.

त्या संध्याकाळी ती उशिरा आली. बाबा आणि मी जेवायला थांबलो होतो. आल्या आल्या ती बाबांना म्हणाली, "मला लग्न करायचंय. तुम्ही चौकशी करा हवी तर."

बाबांनी तिला सगळं विचारलं. आडनाव त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "त्याची आई दिवसभर कुणाजवळ असते?"

लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं. नातेवाइकांतले निम्मे आले नाहीत. त्यांनी दिव्याची खोली सोडली आणि आमच्या मागच्या गल्लीत भाड्यानं घर घेतलं. बाबा रोज सकाळी दहाला तिकडे जायचे आणि म्हातारीबरोबर बसायचे. ती त्यांना रोज विचारायची, "तुम्ही कोण?" आणि ते रोज आपलं नाव, गाव सांगायचे. मग ती घरी जायचं म्हणायची, आणि ते तिला गल्लीला वळसा घालून परत आणायचे. "चला, आलं घर," म्हणायचे. तिला तेवढं पुरायचं.

आता माझ्या लॅबमधल्या मुलींची लग्नं फोनवर जुळतात. त्या मला विचारतात, तुमच्या बहिणीचं तर तेव्हाच तसं जुळलेलं, असं जुळलेलं लग्न जास्त टिकतं का, जास्त सुखाचं होतं का? तिचं टिकलंय, इतकंच मी सांगते. आम्ही दोघी एका घरातल्या, एकीला अकरा जणांची ग्वाही मिळाली, दुसरीला कुणाचीच नाही, यावरून काय ठरवायचं ते मला समजलेलं नाही. त्याला तिचं अक्षरन् अक्षर माहीत होतं, पण ती कुशीवर झोपते की उताणी, चिडली की भांडी आपटते की गप्प बसते, हे त्याला माहीत नव्हतं, आणि तिलाही त्याचं नव्हतं. पहिलं वर्ष अवघड गेलं.

त्याच वर्षी एकदा ती बॅग भरून आमच्याकडे आली. आईच्या औषधावरून काहीतरी झालेलं, त्यावरून तो काहीतरी बोललेला, आणि मग आठवडाभर मुळी बोललाच नव्हता. "लिहितो तेवढाच बरा आहे तो," ती म्हणाली. मी तिला काही विचारलं नाही. आठ दिवस ती राहिली. त्या आठ दिवसांत मी मनातल्या मनात वकिलाचा जिना परत चढून आले, ठाण्याच्या कोर्टातलं बाकडं पुसून ठेवलं. मी म्हटलं नव्हतं का, हे वाक्य घशाशी घेऊन फिरत होते. ते खरं ठरावं अशी माझी इच्छा होती की नव्हती, हे विचारायची मला स्वतःलाच भीती वाटत होती.

नवव्या दिवशी संध्याकाळी तो आला. बाबा म्हातारीजवळ होते. तो दारातच उभा राहिला, मला म्हणाला, "ताई, जरा बाहेर जाता का?"

मी बहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, "जा."

मी पिशवी घेऊन खाली उतरले. एका बंद दाराआड मी तिला एका पुरुषाबरोबर सोडून आले होते. कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे उभी राहून मी मेथी घेतली, कोथिंबीर घेतली, गरज नसताना दुधी घेतला. भाजीवाली काहीतरी विचारत होती, मी आमच्या खिडकीकडे बघत होते. दिवा लागला. कुणी खिडकीत आलं नाही. आवाजही नाही. ओरडली तर मला इथवर ऐकू येईल का, असा अंदाज मी घेत होते, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक रिक्षाचा मला राग यायचा. असा एक तास गेला. मग मला थांबवेना.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत ती दोघं जमिनीवर बसून जेवत होती. तिचे डोळे सुजलेले, त्याचेही. आमटी तापवलेली नव्हती, थंडच वाढून घेतलेली. त्यानं मला बघून उठायला सुरुवात केली. "बसा," मी म्हटलं.

ती माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून म्हणाली, "एवढा दुधी कशाला आणलास?"

मी पाय धुतले आणि माझं ताट घेऊन त्यांच्याजवळ बसले.